बाभळीचे लाकूड : सरपणाच्या भावाने विकण्यापूर्वी



बांधावर, नाल्याच्या काठाला किंवा पडीक तुकड्यात दोन-चार बाभळी नाहीत असे शिवार आपल्या कोरडवाहू भागात क्वचितच सापडेल. हे झाड बहुधा कोणी मुद्दाम लावलेले नसते. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी पडते आणि पावसाळ्यात रोप उगवते. पाणी नाही, खत नाही, राखण नाही. तरी दहा-पंधरा वर्षांत चांगला बुंधा तयार होतो. पण फुकट वाढलेल्या झाडाची किंमतही आपण फुकटासारखीच धरतो. कोळशाचा किंवा वीटभट्टीचा व्यापारी येतो, बांधावरून एक फेरी मारतो आणि सगळ्या झाडांचे मिळून एक रक्कम सांगतो. सौदा उभ्या झाडांचा आणि नजरेने होतो. सरळ बुंधा, बाकदार फांदी आणि काटक्या या तिन्हींना एकच भाव लागतो, तो म्हणजे सरपणाचा.

त्याच गावात फावड्याला दांडा हवा असेल तर तो आपण बाजारातून विकत आणतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा बदलायचा असेल तर सुतार चांगल्या वाळलेल्या बाभळीच्या शोधात फिरतो. म्हणजे माल आपल्या शिवारात असतो, गरजही शिवारातच असते. मधल्या काळात मात्र तो भट्टीत जळून गेलेला असतो. हे टाळता येते. त्यासाठी बाभळीच्या लाकडाचे गुणदोष माहीत असले पाहिजेत आणि झाड पाडल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने त्या लाकडाकडे लक्ष दिले पाहिजे. या लेखात त्याचीच माहिती देत आहे.

कोणती बाभूळ?

बाभूळ या नावाखाली आपण बरीच वेगवेगळी झाडे धरतो, त्यामुळे आधी ओळख पक्की करावी. येथे विचार आहे तो देशी किंवा गोड्या बाभळीचा. पिवळी गोल फुले, पांढरे लांब काटे आणि मण्यांच्या माळेसारखी, मधे-मधे आवळलेली शेंग ही तिची खूण. शास्त्रीय ग्रंथांतून तिचे नाव अकेशिया निलोटिका असे आढळते. अलीकडच्या वर्गीकरणात तिला व्हॅचेलिया निलोटिका म्हणतात. झाड तेच आहे, केवळ नाव बदलले आहे.

देशी बाभळीतही प्रकार आहेत. पसरट माथ्याची आणि चांगल्या बुंध्याची ती तेल्या बाभूळ. फांद्या खराट्यासारख्या वर जाणारी, अरुंद माथ्याची ती रामकाठी. रामकाठीची सावली पिकावर कमी पडते, म्हणून ती बांधासाठी सोयीची असते. आखूड बुंध्याचा आणि खडबडीत सालीचा आणखी एक प्रकार आहे. त्याचे लाकूड हलके समजले जाते. काही भागांत यालाच वेडी बाभूळ म्हणतात. इतर भागांत मात्र ‘वेडी बाभूळ’ हे नाव परदेशातून आलेल्या प्रोसोपिस ज्युलिफ्लोराला दिले जाते. तिची शेंग चपटी, पिवळसर आणि गोड असते. ती पडीक जमिनीवर झपाट्याने पसरते. याशिवाय सुबाभूळ आणि कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडेही सर्वस्वी वेगळी आहेत. पुढील माहिती त्यांना लागू करू नये.

लाकडाची ओळख

बाभळीचा ओंडका आडवा कापला की दोन भाग स्पष्ट दिसतात. सालीलगतचा पांढरट-पिवळसर पट्टा म्हणजे रसकाष्ठ. झाड जिवंत असताना मुळांकडून येणारे पाणी यातून वर चढते आणि झाडाचा साठवलेला पिष्टमय पदार्थही यात असतो. आतला भाग म्हणजे गाभा. तोडल्याबरोबर तो गुलाबीसर दिसतो, हवा लागली की तांबूस-तपकिरी आणि पुढे गडद होतो. गाभ्यातील पेशी मेलेल्या असतात. त्यांत टॅनिनसारखी द्रव्ये साठलेली असतात. म्हणूनच किडीला आणि बुरशीला गाभा सहसा आवडत नाही.

हा फरक लक्षात ठेवण्याचे कारण व्यवहारी आहे. ‘बाभळीला भुंगा लागतो’ अशी सर्वत्र तक्रार असते आणि ती खरीही आहे. पण भुंगा लागतो तो मुख्यतः रसकाष्ठाला, आतल्या पिष्टमय पदार्थासाठी. कोवळ्या झाडात पांढरा पट्टा रुंद आणि गाभा थोडा असतो. झाड जुने होत जाते तसतसा गाभा वाढतो. मनगटाएवढ्या फांदीचे लाकूड दोन वर्षांत पीठ होऊन गळते आणि त्याच झाडाच्या बुंध्याच्या गाभ्यातून काढलेला तुंबा वर्षानुवर्षे टिकतो, याचे कारण हेच.

गुणधर्म

आपल्याकडे कोणत्याही इमारती लाकडाचे मोल सागाशी तुलना करून सांगण्याची पद्धत आहे. देहरादून येथील वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांच्या चाचण्यांमध्ये हीच पद्धत रूढ केली : सागाचा प्रत्येक गुण १०० मानायचा आणि इतर लाकडाचा त्या प्रमाणात मांडायचा. या कसोटीवर बाभूळ सागापेक्षा जड, बरीच अधिक कठीण आणि आघात सोसण्यात खूपच सरस ठरते. मात्र आकार टिकवून ठेवण्याच्या गुणात ती सागाच्या मागे पडते.

यातील प्रत्येक गोष्टीचा अर्थ समजून घेऊ. हवेत वाळलेल्या बाभळीच्या लाकडाचे वजन दर घनमीटरला साधारण ८०० किलो, म्हणजे घनफुटाला २२ ते २३ किलो भरते. साग साधारण ६५० किलोच्या आसपास असतो. जड लाकडात तंतूंच्या भिंती जाड असतात, म्हणून ते झिजत नाही. आघात सोसणे म्हणजे अचानक बसलेला दणका तडकल्याशिवाय पचवणे. दगडावर आदळणारे गाडीचे चाक, खडकावर बसणारी कुदळ, मुळात अडकणारा नांगर या सर्वांना हाच गुण लागतो. सागाचा दरवाजा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण सागाचा कुदळीचा दांडा कोणी करीत नाही. बाभळीचा करतात.

उलट, आकार टिकवण्याचा गुण कमी याचा अर्थ असा की बाभूळ वाळताना वाकते, पिळवटते, तडकते. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. आडव्या दिशेने आकसते. त्यातही गाभ्यापासून सालीकडे जेवढे आकसते त्याच्या जवळजवळ दुप्पट ते घेराच्या दिशेने आकसते. या असमान ओढीमुळेच ओंडक्याच्या तोंडाला चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडतात. म्हणून रुंद फळ्यांचे दरवाजे, कपाटाची दारे यांसाठी बाभूळ निवडू नये. आखूड, जाड आणि ताकदीच्या वस्तूंसाठी ती निवडावी.

सरपण म्हणूनही ती उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४८०० ते ४९५० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि कोळसाही चांगला होतो. व्यापाऱ्याची मागणी यामुळेच आहे. पण जळण्यासाठी फांद्या आणि वाकडेतिकडे तुकडे पुरेसे असतात. त्यासाठी सरळ बुंधा द्यायचे कारण नाही.

तोड केव्हा आणि कशी करावी?

तोडीसाठी पावसाळ्यानंतरचा थंडीचा काळ, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, योग्य आहे. या दिवसांत हवा थंड असल्याने लाकूड सावकाश वाळते, भेगा कमी पडतात आणि किडींचा जोरही कमी असतो. एप्रिल-मे मध्ये पाडलेल्या ओंडक्याची तोंडे काही दिवसांतच फाटतात. पावसाळ्यात पाडलेल्या लाकडाला बुरशी आणि भुंगा दोन्हींचा त्रास होतो.

तोडताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) झाड जमिनीलगत तोडावे. बुंध्याचा सर्वांत जाड आणि गाभ्याने भरलेला भाग तळाशीच असतो. हात-दीड हात उंचीवर तोडले तर उत्तम माल खुंटातच राहतो.

२) ओंडके पाडण्यापूर्वी त्यांचा उपयोग ठरवावा. सरसकट तीन-तीन फुटांचे तुकडे पाडले की तो माल सरपणाचाच झाला. आठ-दहा फुटांचा सरळ बुंधा अखंड ठेवावा.

३) बाकदार जाड फांद्या वेगळ्या ठेवाव्यात. निसर्गतः वाकलेल्या लाकडात तंतू वाकाबरोबर वळलेले असतात, त्यामुळे ते सरळ फळीतून कापून काढलेल्या बाकापेक्षा कितीतरी मजबूत असते. गुजरातमध्ये कच्छमधील मांडवी येथे लाकडी गलबते बांधताना त्यांच्या फासळ्यांसाठी देशी बाभळीची अशीच बाकदार लाकडे वापरली जातात.

४) पाडल्याबरोबर ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना डांबर किंवा शेणमातीचा जाड लेप द्यावा. ओंडक्यातील पाणी तोंडाकडून फार वेगाने निघून जाते. लेपामुळे हा वेग कमी होतो आणि तोंड फाटत नाही. हे काम त्याच दिवशी करावे. भेग पडल्यावर लेप देऊन उपयोग नाही.

भुंगेऱ्यापासून बचाव

बाभळीच्या पांढऱ्या लाकडाला बारीक गोल छिद्रे पडून पिवळसर पीठ गळू लागले की समजावे, भुंगेऱ्याने आत घर केले. हे भुंगेरे साल असलेल्या आणि अर्धवट वाळलेल्या लाकडावर विशेषकरून येतात. म्हणून तोडीनंतर शक्य तितक्या लवकर साल काढावी. ओली साल सहज निघते, वाळलेली चिकटून बसते. निघालेली साल वाया जात नाही. तिच्यात टॅनिन भरपूर असल्याने कातडी कमावण्यासाठी ती पूर्वापार वापरली जाते.

यानंतर आपल्याकडील जुन्या सुतारांची पद्धत अवलंबावी, ती म्हणजे लाकूड पाण्यात घालणे. साल काढलेले ओंडके डबक्यात, शेततळ्याच्या कडेला वेगळ्या खड्ड्यात किंवा नाल्याच्या साठलेल्या पाण्यात पूर्ण बुडतील असे दगड ठेवून दाबून ठेवावेत. दीड ते दोन महिने ते तसेच राहू द्यावेत. या काळात रसकाष्ठातील साखर आणि पिष्टमय पदार्थ काही पाण्यात उतरतात, काही कुजून नाहीसे होतात. भुंगेऱ्याचे अन्नच संपल्यामुळे पुढे त्याचा उपद्रव बराच कमी होतो. या जुन्या पद्धतीला शास्त्राचा आधार आहे, हे यावरून लक्षात येईल.

मात्र दोन सूचना पाळाव्यात. ओंडका अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर राहिला तर जेथे पाणी आणि हवा एकत्र येतात तेथे तो कुजतो. तो पूर्ण बुडालाच पाहिजे. दुसरे असे की, टॅनिनमुळे पाणी काळपट होते आणि त्याला वास येतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत, जनावरांच्या पाणवठ्यावर किंवा मासे सोडलेल्या तळ्यात लाकूड भिजत घालू नये.

पाण्याची सोय नसेल आणि लाकूड छपराखाली वापरायचे असेल तर चिरलेल्या तुकड्यांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड यांच्या द्रावणाची प्रक्रिया देता येते. ही द्रव्ये पावसाच्या पाण्याने धुऊन जातात, त्यामुळे उघड्यावरच्या अवजारांना तिचा टिकाऊ उपयोग होत नाही.

वाळवणी

पाण्यातून काढलेला ओंडका तसाच उन्हात टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. लाकूड ओले असतानाच आवश्यक त्या जाडीचे तुकडे चिरून घ्यावेत. ओली बाभूळ करवतीला सोपी जाते. वाळल्यावर ती हत्याराची धार घालवते आणि मजुरीही वाढवते. चिरताना प्रत्येक बाजूला पाव ते अर्धा इंच जादा ठेवावे. आकसण्यात आणि रंध्यात तेवढे जाते. खोडाचा अगदी मधला बिंदू ज्या तुकड्यात येतो तो हमखास तडकतो. म्हणून चिरणी अशी करावी की तो बिंदू एका तुकड्याच्या आत न राहता कापावर येईल.

वाळवण्यासाठी छपराखाली, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशी जागा निवडावी. जमिनीपासून फूटभर उंचीवर विटांचे टेकू द्यावेत. एका थरावर दुसरा थर रचताना मधे एक इंच जाडीच्या वाळलेल्या पट्ट्या दर दोन फुटांवर आडव्या ठेवाव्यात. सर्व थरांतील पट्ट्या एकाखाली एक, एका रेषेत आल्या पाहिजेत. नाहीतर फळ्या झोळीसारख्या लवतात. ढिगावर दगडांचे वजन ठेवावे.

लाकूड वाळले की नाही हे कसे ओळखावे? त्यासाठी यंत्राची गरज नाही. ढिगातला एक तुकडा खूण करून ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते, मग सावकाश. लागोपाठ दोन-तीन वेळा वजन सारखेच भरले म्हणजे लाकूड हवेशी समतोल झाले, असे समजावे. एक इंच जाडीच्या तुकड्याला काही महिने, तर तुंब्यासाठीच्या जाड ठोकळ्याला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. ओलाव्याचे प्रमाण काढायचे असल्यास लहानसा नमुना पूर्ण सुकवून वजन करावे. उदाहरणार्थ, नमुना ५०० ग्रॅम होता आणि पूर्ण सुकल्यावर ४०० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅम पाणी होते. ४०० ला १०० म्हणजे ओलावा २५ टक्के. कामासाठी हा आकडा १२ ते १५ टक्क्यांपर्यंत खाली आलेला असावा.

कोणत्या भागाचा कोणता उपयोग?

बुंध्याचा तळाचा भाग : गाडीच्या चाकाचा तुंबा, कुळवाचा दिंड, लाकडी घाण्याचे भाग, उखळ, मांस तोडण्याचे ठोकळे. येथे गाभा अधिक आणि गाठी कमी असाव्यात.

बुंध्याचा मधला सरळ भाग : चाकाचे आरे, जू, पाभरीचे आणि नांगराचे भाग, हत्यारांचे दांडे, खाटेचे पाय, गोठ्याचे खांब. खांब जमिनीत पुरायचा असेल तर पुरला जाणारा भाग तासून पांढरे लाकूड काढून टाकावे, कारण वाळवी आधी तेच खाते. त्यावर डांबर द्यावे.

बाकदार फांद्या : चाकाच्या घेराचे बाकदार तुकडे, ज्यांवर लोखंडी धाव चढते, तसेच नांगराचे वाकडे भाग.

बारीक सरळ फांद्या : खुंट्या, जनावरे बांधण्याच्या मेखा, तंबूच्या मेखा.

उरलेले सर्व : सरपण आणि कोळसा.

हत्याराच्या दांड्याबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. कुऱ्हाड चालवताना दांडा मोडला तर पाते उडून चालवणाऱ्याला किंवा शेजारच्या माणसाला लागू शकते. दांड्याचे लाकूड शक्यतो करवतीने न कापता पाचर ठोकून फाडून घ्यावे. फाडताना लाकूड तंतूंच्या दिशेनेच दुभंगते, त्यामुळे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवतीने कापलेल्या दांड्यात तंतू मधेच तिरपे बाहेर पडतात आणि दांडा नेमका तेथेच मोडतो. विकत घेतानाही दांडा हातात धरून बाजूने पाहावा. रेषा मुठीपासून पात्यापर्यंत सरळ गेल्या असतील तरच घ्यावा. मधे गाठ असेल किंवा रेषा कडेला निघून जात असतील तर तो कितीही गुळगुळीत असला तरी नाकारावा. बारीक छिद्रे दिसल्यास दांडा दगडावर हलकेच आपटून पाहावा. पीठ गळले तर तो आतून पोखरलेला आहे.

सुतारकामातील काळजी

वाळलेली बाभूळ कठीण असल्याने वाकस, पटाशी आणि रंधा यांना वरचेवर धार लावावी लागते. काही झाडांत तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. तेथे रंधा उलट दिशेने चालवल्यास लाकूड उचकटते. अशा वेळी रंध्याचे पाते अगदी थोडे बाहेर ठेवून बारीक साल काढावी. खिळा सरळ ठोकू नये, लाकूड फाटते. आधी गिरमिटाने खिळ्यापेक्षा किंचित बारीक छिद्र पाडावे. ओल्या बाभळीत लोखंडी खिळा मारल्यास टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने निळसर काळे डाग पडतात आणि खिळाही लवकर गंजतो. म्हणून खिळे वाळलेल्या लाकडातच मारावेत. शेवटी काचकागदाने घासून जवसाचे तेल चोळले तर तांबूस रंग खुलतो आणि चांगली झिलई येते.

मोजमाप आणि विक्री

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सौदा करण्यापूर्वी बुंधा मोजावा. त्यासाठी एक टेप पुरे. ओंडक्याच्या मध्यावर, साल काढून, घेर मोजावा. घेराला ४ ने भागावे. आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे आणि मग लांबीने गुणावे. उदाहरणार्थ, घेर ४ फूट आणि लांबी ८ फूट आहे. ४ ला ४ ने भागले, १ आला. १ गुणिले १ गुणिले ८, म्हणजे ८ घनफूट. लाकडाच्या व्यवहारात ही पाव घेराची रीत चालते. घेर ३ फूट असता तर पाऊण गुणिले पाऊण गुणिले ८, म्हणजे साडेचार घनफूटच भरले असते. घेरातील एका फुटाच्या फरकाने माल जवळजवळ निम्म्यावर येतो. घाईने झाड तोडण्याचे नुकसान यात दिसते.

या रीतीत लाकूड प्रत्यक्षापेक्षा कमी धरले जाते, हेही लक्षात असावे. गोल ओंडक्याचे खरे घनफळ काढले तर ते ८ नव्हे, १० घनफुटांहून थोडे अधिक येते. म्हणजे ही रीत खऱ्या मालाच्या सुमारे ७८ टक्केच दाखवते. उरलेले चिरणीत जाणारे म्हणून सोडलेले असते. त्यामुळे पाव घेराने हिशेब झाल्यावर ‘चिरणीची घट’ म्हणून आणखी कपात मागितली तर ती मान्य करण्याचे कारण नाही.

आता तुलना करा. पाव घेराच्या रीतीने आलेला एक घनफूट म्हणजे वाळलेले सुमारे २८ ते २९ किलो लाकूड. आपला ८ घनफुटांचा बुंधा वाळल्यावर सव्वादोन क्विंटलच्या आसपास भरेल. जवळच्या लाकूड गिरणीत आणि दोन-तीन सुतारांकडे बाभळीचा घनफुटाचा भाव विचारावा, सरपणाचा क्विंटलचा भावही विचारावा आणि दोन्ही रकमा कागदावर शेजारी-शेजारी मांडाव्यात. ओले सरपण विकताना त्यात पाण्याचे वजनही मोजले जाते, हे ध्यानात घ्यावे. तोड, साल काढणे, चिरणी आणि वाहतूक यांचा खर्च वजा करावा. फरक पुरेसा नसेल तर सरपण म्हणून खुशाल विकावे. पण तो निर्णय आपला आणि हिशेबाचा असावा. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून बुंधे एकत्र केले तर गिरणीवाला स्वतः येऊन माल पाहतो, हाही फायदा आहे.

कायद्याची बाजू

खाजगी जमिनीवरील झाडांच्या तोडीबाबत महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा विनियमन कायदा आहे. त्यातील अनुसूचित वृक्षांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. शहरी हद्दीत १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. आदिवासी खातेदारांच्या मालकीच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून कुऱ्हाड लावण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील वनपरिक्षेत्र कार्यालयात तोडीची आणि वाहतुकीची परवानगी लागते का याची चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे. ‘ते सगळे मी पाहतो’ या व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. झाड सातबारा ज्याच्या नावे आहे त्याचे असते आणि जबाबदारीही त्याच्यावर येते.

पुढच्या बाभळीची तयारी

चांगले लाकूड हवे असेल तर सुरुवात रोपापासून करावी. छत्तीसगडमधील शेतकरी भाताच्या बांधांवर आणि बांध्यांत बाभळी राखतात आणि साधारण दहा-बारा वर्षांच्या फेराने त्या काढतात. अवजारे, सरपण आणि कुंपण या तिन्ही गरजा त्यांतून भागतात. आपल्याकडेही बांधावर रामकाठी किंवा तेल्या बाभळीची निवडक रोपे राखता येतील. बी कडक कवचाचे असल्याने उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावे किंवा शेळ्यांच्या वाड्यातील लेंड्यांमधून निघालेले बी घ्यावे. पहिली तीन-चार वर्षे थंडीच्या दिवसांत खालच्या फांद्या खोडालगत स्वच्छ कापाव्यात. आज कापलेली बोटाएवढी फांदी म्हणजे उद्याच्या फळीतील टळलेली गाठ होय. मात्र झाडाच्या उंचीच्या वरच्या निम्म्या भागातील फांद्या कधीही काढू नयेत, अन्यथा वाढ खुंटते.

आणि सगळ्या झाडांवर एकाच वर्षी कुऱ्हाड चालवू नये. बाभळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांना खाद्य होतात आणि दुपारी बैलांना सावली लागतेच. दहा झाडे असतील तर या वर्षी जाड घेराची दोन काढावीत, त्यांच्या जागी चार रोपे राखावीत.

थोडक्यात, थंडीत तोडा, तोंडाला लेप द्या, साल काढा, पाण्यात पूर्ण बुडवा, ओले असताना चिरा, सावलीत वाळवा आणि मोजून विका. यातील एकाही कामाला मोठे भांडवल लागत नाही. येत्या हंगामात व्यापारी बांधावर येईल तेव्हा आपल्या हातात टेप आणि खिशात गिरणीचा भाव लिहिलेला कागद असावा, एवढीच विनंती.